मागच्या खोलीचा कोपरा

"मागच्या खोलीत तू जाऊ नकोस," ब्रेंडा म्हणाली. "तिथली जमीन केन करतोय. तू पुढच्या खोलीचा गिलावा बघ."

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. कुणी छपरावर चढ म्हटलं असतं, तरी बरं म्हणून मी शिडी शोधायला गेले असते.

उत्तर इंग्लंडमधल्या एका उघड्या माळावर रोमन लोकांचा किल्ला होता. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कडे, बुरूज आणि तोफा येतात. तसलं तिथे काहीच नव्हतं. गवतातून डोकावणारी गुडघाभर उंचीची दगडी जोती आणि चहूकडे मेंढ्या. रोमन साम्राज्याची हद्द तिथे संपत होती, म्हणून कुठून कुठून आणलेले शिपाई त्या थंडीवाऱ्यात ठेवलेले होते. नुसती जोती बघून लोकांना काही कळत नाही, म्हणून मूळ जागेला धक्का न लावता शेजारच्या रिकाम्या कुरणात शिपायांची चाळ जशीच्या तशी बांधायचं ठरलं होतं. चाळ हा शब्द माझा. एका ओळीत बिऱ्हाडं, समोर पडवी, प्रत्येक बिऱ्हाडाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत भाले, ढाली, सामानसुमान. मागच्या खोलीत चूल आणि आठ जणांची झोपायची जागा. ही चाळ नाही तर दुसरं काय? ब्रेंडाला मी तो शब्द शिकवला होता आणि तीही बिनदिक्कत चाळ म्हणायची.

ब्रेंडा आमची प्रमुख. मूळ जागेचं उत्खनन तिनंच केलेलं. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज वर्गावरच्या बाईसारखा. केन हा निवृत्त सुतार. कमी बोलायचा आणि थंडी असो वा ऊन, डोक्यावरची टोपी काढायचा नाही. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकलेली. लग्न होऊन सदानंदबरोबर तिथे गेले, कारण त्याला तिथल्या हॉस्पिटलात दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा दुसऱ्यांच्या भिंती काढाव्यात म्हणून मी ब्रेंडाकडे नकाशे काढायला जाऊ लागले. माझं नाव पद्मजा. तिथे त्याचं पॅड झालं होतं.

महिन्याभरापूर्वी मला मुलगी झाली होती. चार दिवस जगली. मला बाळंतपणात ताप चढला तो उतरेचना, त्यामुळे मी एका इमारतीत आणि ती दुसरीत. चाकाच्या खुर्चीतून मला एकदा तिच्याकडे नेलं होतं. काचेच्या पेटीत काहीतरी लालसर, नळ्या लावलेलं दिसलं. मग मला ग्लानी आली आणि परत आणलं. नीट शुद्धीवर आले तेव्हा सदानंद पलंगाशेजारी खुर्चीत बसला होता आणि त्याची दाढी वाढलेली होती, त्यावरूनच मला कळलं.

घरी येताना गाडीत मी त्याला एवढंच म्हटलं, "मला त्यातलं काही सांगू नकोस. एक अक्षरसुद्धा."

त्यानं नाही सांगितलं. सदानंद परुळेकर हा माणूस शब्दाला जागणारा आहे आणि कधीकधी तोच त्याचा वैताग असतो.

मी रडले नव्हते. लोकांना वाटे मी धीराची आहे. धीरबीर काही नव्हता, मला काही वाटतच नव्हतं. चहा गरम आहे की गार हे जिभेला कळायचं नाही. मातीच्या खड्ड्यात मार्च महिन्यात बूट घालून तासन् तास चिखल तुडवला तरी पाय गार पडल्याचं मला दुसऱ्यांनी सांगावं लागे. फक्त दूध आटायचं नाव घेत नव्हतं. घट्ट पट्टा बांधून मी कामावर जायची आणि वरून सदानंदची जाड जर्सी घालायची.

आणि आमची मुलगी अजून हॉस्पिटलच्या शवागारात होती.

ब्रेंडानं मला अडवलं त्याच सोमवारी सकाळी सदानंदनं विषय काढला होता. महिनाभर त्यानं तो कसाबसा लांबवला होता. हॉस्पिटलनं थांबून घेतलं, कारण तो तिथलाच. पण आता शुक्रवारपर्यंत सांगायला हवं होतं की दहन करायचं की दफन. नाहीतर ते त्यांच्या पद्धतीनं, इतर बाळांबरोबर उरकणार होते.

"तू ठरव," मी म्हटलं.

"मी ठरवलंय तसं. दहन करू." तो टोस्टवर लोणी लावत होता, लावलेल्यावरच पुन्हा लावत होता. "इतक्या लहान बाळाच्या अस्थी मिळतीलच असं नाही. पण आपण इथे कायमचे राहणार नाही, पद्मा. तिला एकटीला इथल्या मातीत ठेवून आपण विमानात बसायचं, हे मला जमणार नाही."

"बरं."

"बरं म्हणू नकोस. हो म्हण किंवा नाही म्हण."

मी डबा उचलला आणि बस पकडायला निघाले. तो माझ्यामागे दारापर्यंत आला आणि पायरीवर उभा राहिला. कोपऱ्यावरून वळताना बघितलं, तर तो तिथेच होता, हातात ती लोण्याची सुरी घेऊन.

पुढच्या खोलीच्या भिंती कुडाच्या होत्या. हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या उभ्याआडव्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, गवत, शेण कालवून थापायचं. आपल्याकडे कारवीचा कूड घालतात तसंच. पहिल्या दिवशी तिथली विद्यार्थी मंडळी शेण बघून नाकं मुरडत होती. मग आठवड्याभरात कोपरापर्यंत हात माखून एकमेकांच्या अंगावर उडवायला लागली. आता ती सुटीला गेली होती आणि आम्ही तिघंच उरलो होतो.

मी मुठीमुठीनं माती थापत होते. मागच्या खोलीतून केनच्या चोपण्याचा आवाज येत होता. लाकडी फळीला दांडा लावलेलं ते अवजार त्यानं स्वतः केलं होतं. धप, धप, धप, मग थोडं थांबून पुन्हा धप. चिकणमातीची जमीन अशी चोपून चोपून घट्ट करावी लागते, नाहीतर वाळली की तडे जातात.

मंगळवारीही ब्रेंडानं मला मागे जाऊ दिलं नाही. चुलीचं माप बघून येते म्हटलं, तर तिनं स्वतः जाऊन मोजून आणलं. मग मला आठवलं, की बाळंतपणाच्या आधी मी या चाळीचे सगळे नकाशे काढले होते, पण मूळ उत्खननातल्या या मागच्या खोलीचा तक्ता तिनं मला कधी दिला नव्हता. तो मी करते, म्हणाली होती. तेव्हा मी सातव्या महिन्यात होते. मला वाटलं होतं, वाकून काढायला त्रास होईल म्हणून.

बुधवारी दुपारी केन चहाला गेला आणि ब्रेंडा फोनवर होती, तेव्हा मी आत गेले. कुणी अडवलं की हट्टानं तिथेच जायचं हा माझा जुना स्वभाव. तो तेवढा शिल्लक होता म्हणायचा.

खोलीत काहीच विशेष नव्हतं. भिंतीलगत दगडाची बसकी चूल, मातीचा ओला वास. जमीन सुरेख झाली होती, पाटासारखी. फक्त चुलीच्या डाव्या हाताला, भिंतीच्या कोपऱ्यात, सुपाएवढी जागा तशीच सोडलेली होती. माती तिथे टाकलेली होती, पण चोपलेली नव्हती. बोटांचे ठसे दिसत होते.

मागे पावलं वाजली. केन दारात उभा होता, हातात दोन कप घेऊन. एक माझ्यासाठी आणला होता.

"हे राहिलंय, केन," मी म्हटलं.

"करतो नंतर."

"सगळी जमीन वाळायला लागली. आता नाही केलं तर सांधा दिसेल."

तो कप ठेवायला जागा शोधू लागला. शेवटी दोन्ही कप चुलीवर ठेवले आणि टोपी काढली. त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"खाली काही नाहीये," तो म्हणाला. "मला माहीत आहे. हे कुरण मीच खणलं, खडी मीच भरली. खाली खडी आहे आणि तिच्याखाली इंग्लंड आहे. पण चोपणं त्या कोपऱ्यावर आलं की माझ्यानं हात वर उचलवत नाही. दोन दिवस झाले. वेडेपणा आहे."

"का पण?"

"ब्रेंडाला विचार, पोरी."

ब्रेंडाला विचारावं लागलं नाही. ती केनच्या मागे येऊन उभी होती. तिनं एक बादली उपडी घातली आणि माझ्यासमोर बसली. मीही चुलीच्या कडेला टेकले.

"मूळ जागी, याच खोलीत, याच कोपऱ्यात जमिनीखाली एक तान्हं बाळ निघालं होतं," ती म्हणाली. "तुला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. चुकलं असेल तर बोल मला."

मी त्या सोडलेल्या कोपऱ्याकडे बघितलं.  मग विचारलं, "शिपायांच्या खोलीत?"

शिपायांना लग्नाची परवानगी नव्हती, ती म्हणाली, पण परवानगी नसल्यानं काय अडतं? बाया होत्या, मुलं होती. मूळ चाळीतच काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले होते, माझ्या तळहातात मावेल एवढी चामड्याची चप्पल मिळाली होती. मोठ्या माणसांना गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पुरायचे. तो नियम कडक होता. तान्ह्यांना मात्र तो लागू नव्हता. त्यांना लोक घरातच ठेवायचे.

"ठेवायचे," मी म्हटलं.

"मी तो शब्द वापरते. टाकलेलं नव्हतं ते. कुशीवर झोपवलं होतं, खाली सपाट दगड होता. वर माती भरून जमीन पुन्हा केली होती. आणि तेवढा भाग नंतर दोनतीनदा लिंपलेला होता. बाकीची जमीन उखडली तरी तो कोपरा कुणीतरी नीट ठेवत होतं."

"म्हणजे ते लोक इथेच राहत होते? नंतरही?"

"कुठे जाणार? इथेच जेवत होते, झोपत होते. चूल इथून हाताच्या अंतरावर आहे. गार पडू नये म्हणून चुलीजवळ ठेवलं असेल, असं मला वाटतं. पण ते मला वाटतं, पॅड. ते मी माझ्या अहवालात लिहू शकले नाही."

"किती दिवसांचं होतं?"

"हाडांवरून दिवस नाही सांगता येत. जन्मलं त्याच सुमारास गेलेलं."  मग म्हणाली, "नाव नसेल. त्यांच्यात मुलीचं नाव आठव्या दिवशी ठेवत आणि मुलाचं नवव्या. तोवर बाळ बिननावाचंच."

आमच्यात बाराव्या दिवशी. पाळणा बांधतात, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सदानंदची मोठी बहीण कुमुदताई सावंतवाडीला सहा महिने आधीपासून नावांवर डोकं चालवत होती. हे सगळं मी ब्रेंडाला सांगितलं, अगदी शांतपणे, एखाद्या पाहुण्याला माहिती द्यावी तसं. मग विचारलं की ते लोक पुढे कुठे गेले.

"कुणास ठाऊक. काही वर्षांनी तुकडी हलवली. हुकूम आला की जावंच लागायचं."

"आणि बाळ?"

"ते राहिलं."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. चुलीवरचे दोन्ही चहा गार झाले होते. मी केनला म्हटलं, मातीची बादली आणि पाणी द्या. त्यानं चोपणं पुढे केलं, तर मी मान हलवली. मी गुडघ्यांवर बसले आणि तळहातानं तो कोपरा दाबायला लागले. आधी बोटांनी गुठळ्या फोडल्या, मग हाताची टाच रोवून कडेकडेनं आत. पाणी शिंपडायचं, दाबायचं, पुन्हा पाणी. खाली खडी आहे हे मलाही माहीत होतं. तरी मी जपून दाबत होते.

किती वेळ गेला ते कळलं नाही. अंगाला ओलं लागलं म्हणून पाहिलं, तर जर्सी पुढून भिजली होती. पट्टा, सदरा, जाड लोकर, सगळ्यातून दूध आलं होतं आणि मातीवर थेंब पडत होते. मला लाज वाटली नाही. खरं तर मला तेव्हा थंडी वाजली. महिन्यानंतर पहिल्यांदा मला खरोखर थंडी वाजली आणि दात वाजायला लागले.

ब्रेंडानं आपला कोट माझ्या पाठीवर टाकला. केन केव्हाच बाहेर गेला होता. मी कोपरा पुरा केला, ओल्या हातानं शेवटचं सारवल्यासारखं केलं आणि उठले. ब्रेंडा मला तिच्या गाडीतून घरी सोडायला आली. वाटेत आम्ही दोघी फक्त रस्त्याबद्दल बोललो.

सदानंद घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. नखांत माती तशीच होती.

"दहन नको," मी म्हटलं. "पुरूया. एवढ्या लहान मुलाला आपल्याकडे जाळत नाहीत."

तो कोट न काढताच खुर्चीवर बसला. "ते मला माहीत आहे. पण आपण परत जाऊ तेव्हा काय?"

"जाऊ तेव्हा बघू. आत्ता आपण इथे आहोत ना? मग ती आपल्याजवळ असू दे. शवागारात गार पडलीय ती."

तो माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर माणूस, त्याला शवागाराचं तापमान तोंडपाठ असणार. 

"आणि मी येणार आहे," मी म्हटलं.

"आपल्याकडे बायका..."

"आपल्याकडचं कोण आहे इथे बघायला?"

त्यानं हो म्हटलं. मग मोजे काढता काढता तसाच वाकून बसून राहिला. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. महिनाभरात मी त्याला हात लावला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

दफन पुढच्या आठवड्यात झालं. गावाबाहेर उतारावर कबरस्तान होतं, त्याला दगडी गडग्याचं कुंपण आणि गडग्यापलीकडे पुन्हा मेंढ्या. वारा असा होता की बोललेलं उडून जात होतं. तिथे काम करणारा लाल गालांचा माणूस अदबीनं वागत होता. त्यानं खड्ड्याभोवती हिरव्या प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, माती दिसू नये म्हणून. पेटी सदानंदनं स्वतः उतरवली. ती इतकी लहान होती की त्याला कुणाची मदत लागली नाही. मग तो माणूस म्हणाला, तुम्ही निघा आता, बाकीचं आम्ही बघतो.

मी ते हिरवं गवत गुंडाळून बाजूला ठेवलं. गुडघ्यांवर बसले आणि हातानं माती लोटायला सुरुवात केली. सदानंद क्षणभर उभा राहिला, मग समोर बसला आणि तोही लोटू लागला. त्याला जमत नव्हतं. नुसतीच ढकलत होता. थोडी टाकायची, दाबायची, मग पुढची टाकायची, असं मी त्याला सांगितलं, आणि तो तसं करू लागला. लाल गालांचा माणूस फावडं घेऊन लांब उभा राहिला.

माती जमिनीच्या पातळीला आली तेव्हा सदानंद म्हणाला, "तुला एक सांगायचंय. तू सांगू नकोस म्हणाली होतीस."

"सांग."

"शेवटच्या दिवशी त्यांनी नळ्या काढल्या. नर्सनं तिला माझ्याकडे दिलं. मी वॉर्डातल्या टेबलावरून कुमुदताईला फोन लावला. मला वाटलं, ती रडेल, मग मलाही रडता येईल. तर ती माझ्यावर ओरडली. म्हणाली, 'आदी चेडवाचां नाव ठेव, मगे काय ता रड.' आधी पोरीचं नाव, मग रडणं."

मी दाबायची थांबले.

"मी म्हटलं, ताई, बारा दिवस व्हायचेत. तर म्हणाली, फोन तिच्या कानाला लाव. मी लावला. तिकडून तिनं कुर्रर्र केलं. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. नर्स बघायला लागली. आणि नाव सांगितलं."

"काय?"

"सुरंगी."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सुरंगी! कोकणात माघ-फाल्गुनात फुलतात ती फुलं, लहान, पिवळी, पुरचुंडीत बांधून बाजारात येतात आणि दिवसभर घमघमतात. वास छानच. पण म्हणून मुलीचं नाव? मी, पुण्यात शिकलेली, शुद्धीवर असते, तर माझ्या मुलीचं नाव सुरंगी ठेवू दिलं असतं होय? कुमुदताईशी मी चांगली चार दिवस भांडले असते.

"सदा, हे काय नाव झालं?" मी म्हटलं.

"मला तेव्हा भांडायची ताकद नव्हती," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, त्या खड्ड्याशी, मातीचे हात घेऊन. आणि हसता हसता ते आत कुठेतरी अडकलं आणि मग मी जे रडायला लागले, ते सदानंद मला धरेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ. तोही रडत होता. लाल गालांच्या माणसानं पाठ फिरवून गडग्याकडे तोंड केलं.

आम्ही दोन वर्षांसाठी गेलो होतो. अजून तिथेच आहोत. का, ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. केनची चाळ अजून उभी आहे, शाळेची मुलं येतात, मागच्या खोलीत बसून रोमन शिपायांसारखी भाकरी खातात. त्या कोपऱ्यातली जमीन दर वर्षी मी लिंपते, तडे जाऊ नयेत म्हणून.

दफनाच्या त्या दिवशी आम्ही उठलो, तेव्हा लाल गालांचा माणूस हातात लहान लाकडी खूणपट्टी घेऊन जवळ आला. त्यावर रंगानं नाव लिहायचं होतं. त्याला हॉस्पिटलकडून 'बेबी परुळेकर' एवढंच कळलं होतं. तसंच लिहू ना, असं त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तिला नाव आहे."

मी सांगितलं. त्याला ते म्हणता येईना, तो वेगळंच काहीतरी म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा चुकला, ओशाळला, आणि सदानंद म्हणाला, जाऊ दे पद्मा, वारा आहे, त्याला ऐकू येत नसेल. मी जागची हलले नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी पुन्हा म्हटलं आणि तो बरोबर म्हणेपर्यंत त्याला सोडलं नाही.